पहिला रोल आपल्या बिल्डिंगखाली

मित्रमैत्रिणींची कृष्णधवल पोर्ट्रेट फिल्मवर काढायची ठरली की मीरा-भाईंदरमध्ये सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं उत्तनचं. समुद्र आहे, होड्या आहेत, मोकळं आभाळ आहे. तरीही माझं सांगणं असं की पहिला रोल घेऊन तिकडे जाऊ नका. लिफ्टने खाली या आणि आपल्याच बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये उभे राहा. पोर्ट्रेटसाठी इतका चांगला प्रकाश शहरात क्वचितच मिळतो, आणि तो फुकट आहे, रोजचा आहे, चार पावलांवर आहे.

तिथे काय घडतं ते नीट पाहा. डोक्यावर स्लॅब आहे, त्यामुळे वरून उजेड येत नाही. मागे पार्किंगचा अंधार आहे. प्रकाश येतो तो फक्त समोरून, मोकळ्या अंगणाच्या बाजूने, आणि समोरच्या बिल्डिंगची फिकट रंगाची भिंत उन्हात असेल तर त्या भिंतीवरून परतून. म्हणजे एक भलीमोठी खिडकीच झाली. मैत्रिणीला सावलीच्या रेषेच्या आत हातभर अंतरावर उभं करा, तोंड बाहेरच्या बाजूला. डोळ्यांत त्या अंगणाचं पांढरं प्रतिबिंब दिसायला लागेल. आता तिला एक पाऊल मागे घ्या. गालाच्या कडेला सावली उतरते. आणखी एक पाऊल मागे घेऊन खांद्यापासून थोडं वळवा. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी मऊ काळोखात, आणि मागची पार्किंग जवळजवळ काळी. स्टुडिओवाले काळा पडदा लावून जे साधतात ते इथे दोन पावलांत साधतं. फक्त मागे उभ्या स्कूटरच्या आरशावर किंवा गाडीच्या काचेवर उजेडाचा ठिपका चमकत नाही ना, तेवढं बघा. कृष्णधवल फोटोत असा ठिपका डोळ्यांच्या आधी नजर ओढून घेतो. आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे मधेच कोणी विचारायला येणार नाही.

उघड्यावरचं ऊन पोर्ट्रेटला का चालत नाही, याचं कारण आपल्या अक्षांशात आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. त्या उन्हात माणसाचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. मार्च ते मे सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी मित्राला उन्हात उभं करूच नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर खाली असतो, तेव्हा थोडी सूट घेता येते.

आपल्या शहराला कृष्णधवल फिल्म शोभते, त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. मीरा रोडच्या कुठल्याही रस्त्यावर माणूस उभा केला की त्याच्यामागे पिवळी बिल्डिंग, हिरवी जाळी, निळी ताडपत्री, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर आणि कोचिंग क्लासचा बोर्ड एकदम येतात. रंगीत फोटोत चेहऱ्याला त्या सगळ्यांशी झगडावं लागतं. कृष्णधवलमध्ये त्यांचे फक्त करडे तुकडे उरतात आणि चेहरा पुढे येतो. पण म्हणून पार्श्वभूमी कशीही चालते असं नाही. रंग गेला की फरक फक्त उजेड-अंधाराचा राहतो. लाल कुर्ता आणि हिरवी भिंत डोळ्यांना वेगळी दिसतात, फिल्मवर दोन्ही एकाच करड्या छटेची होऊन एकमेकांत मिसळू शकतात. तेव्हा डोळे किंचित मिटून पाहायची सवय लावा. मिचमिच्या डोळ्यांना रंग कमी आणि उजेडाचा फरक जास्त कळतो.

आता रोल. ४०० आयएसओचा एकच रोल निवडा आणि किमान वर्षभर तोच वापरा. इलफर्ड एचपी५ प्लस, कोडॅक ट्राय-एक्स, केंटमियर ४००, फोमापॅन ४००, यांतला कुठलाही चालेल; यातला सगळ्यात चांगला कोणता यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. माझी पसंती एचपी५ला, कारण एक्स्पोजर थोडं जास्त झालं तरी ती सांभाळून घेते आणि डेव्हलप करताना अंदाज थोडा चुकला तरी चेहरा हातचा जात नाही. १०० आयएसओची फिल्म अधिक गुळगुळीत असते हे खरं, पण स्टिल्टमध्ये आणि पावसाळी आभाळाखाली तिला उजेड पुरत नाही.

एकेकाळी हा रोल आपल्याकडेच बनायचा. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी उटीला ‘इंदू’ नावाने फिल्म आणि कागद काढायची, आणि गावोगावच्या स्टुडिओंचा कारभार त्यावर चालायचा. तो कारखाना बंद पडला. आज आपण वापरतो ती फिल्म परदेशातून येते, म्हणून महाग पडते. विकत घेताना डब्यावरची मुदत पाहा आणि दुकानदाराने माल थंड जागी ठेवलाय का ते विचारा. मुंबईच्या उकाड्यात उन्हातल्या शोकेसमध्ये वर्षभर पडलेला रोल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरी तो हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरायच्या दोन-तीन तास आधी डबा न उघडता बाहेर काढून ठेवा. थंड रोल आपल्या दमट हवेत लगेच उघडला तर त्यावर पाणी धरतं.

कॅमेरा साधा हवा. फोकस, अ‍ॅपर्चर आणि शटर हाताने लावता येणारा कुठलाही जुना एसएलआर आणि त्यासोबत येणारी ५० मिलिमीटरची लेन्स पुरे. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१०, यशिकाचे एफएक्स मालिकेतले कॅमेरे आपल्याकडे फिरत असतात. सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात आणि फोर्टच्या आसपास जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. भाईंदरहून चर्चगेटची फास्ट पकडा, एक दिवस त्यासाठी द्या. कॅमेरा हातात घेतला की मागचं झाकण उघडा, एक सेकंदाचा स्पीड लावून शटर दाबा आणि पडदा नीट सरकतो का पाहा. मग मोबाइलची टॉर्च लेन्समधून आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. समुद्राकाठच्या शहरातला हा लेन्सचा मुख्य रोग आहे, आणि ती लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. झाकणाच्या कडेची काळी फोमची पट्टी चिकट होऊन सुटत असेल तर घाबरायचं कारण नाही, ती बदलून मिळते.

घरात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री पडला असेल तर तोही काढा. तो १२० आकाराच्या रोलवर बारा चौकोनी फोटो देतो आणि तो रोल आजही मिळतो. त्याला ऊन भरपूर लागतं आणि फोकस करता येत नाही, म्हणून माणूस जरा लांबच ठेवावा लागतो. पण कितीतरी मराठी घरांतले जुने अल्बम त्याच डब्याने भरले आहेत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला: चेहऱ्याचं एक्स्पोजर. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा मित्र उभा असेल तर मीटर भिंत बघतो, उजेड भरपूर आहे असं समजतो आणि एक्स्पोजर कमी करतो. भिंत करडी होते आणि मित्राचा चेहरा काळा ठिक्कर, डोळे-भुवया सगळं एकत्र. मग लोक म्हणतात, सावळ्या माणसाचा फोटो कृष्णधवलमध्ये चांगला येत नाही. हे साफ खोटं आहे. सावळ्या त्वचेवर प्रकाश जसा खेळतो, कपाळावर आणि गालाच्या हाडावर जशी चमक धरतो, तशी श्रीमंती फार थोड्या पृष्ठभागांना असते. फक्त एक्स्पोजर चेहऱ्यावरून घ्यायला हवं.

पद्धत सोपी आहे. कॅमेरा घेऊन मित्राच्या इतकं जवळ जा की चौकटीत फक्त त्याचा चेहरा राहील. फोकस नसलं तरी चालतं, आपल्याला आकडा हवा आहे. गहूवर्णी किंवा सावळा चेहरा साधारण मधल्या करड्या छटेच्या आसपासच असतो, म्हणून मीटर जे सांगेल तेच लावा आणि मागे येऊन फोटो घ्या. चेहरा खूप गोरा असेल तर मीटरपेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. अगदी काळासावळा असेल तरी मीटरपेक्षा कमी देऊ नका. निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही ते पुढे कुठल्याही युक्तीने आणता येत नाही. मित्राच्या तोंडाशी कॅमेरा नेणं जमत नसेल तर त्याच उजेडात आपला तळहात धरून त्यावरून मीटर घ्या आणि एक स्टॉप वाढवा, कारण तळहात सगळ्यांचाच उजळ असतो. मीटर बंद पडलेला कॅमेरा असेल तर मोबाइलवरचं लाइट मीटरचं अ‍ॅप चालतं. ४०० फिल्मला मोकळ्या सावलीत साधारण शटर १/१२५ आणि अ‍ॅपर्चर ८, स्टिल्टच्या आत १/१२५ आणि ४, इथून सुरुवात करता येते.

गोरी मैत्रीण आणि सावळा मित्र एकाच चौकटीत असतील तर सावळ्याला प्रकाशाच्या बाजूला उभं करा आणि मीटर त्याच्या चेहऱ्यावरून घ्या. दोघांच्या त्वचेत जेवढा फरक आहे तेवढाच फोटोत राहील, वाढणार नाही. आणि कोणालाही गोरं करू नका. आपल्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं रिटचिंग करून लग्नाच्या स्थळांसाठी सगळ्यांचे चेहरे पांढरे केले. तुम्ही मित्राचा फोटो काढताय. त्याची छटा त्याची आहे, ती प्रिंटमध्ये तशीच उतरली पाहिजे.

फिल्टरचा प्रश्न इथेच येतो. फिल्म सगळे रंग पाहते, पण फिल्टर लावला की फिल्टरच्या रंगाच्या वस्तू फोटोत उजळ होतात. नारिंगी किंवा लाल फिल्टरने त्वचा फिकट होते, पुरळाचे डाग मावळतात, पण ओठही फिके पडतात आणि चेहरा पिठासारखा सपाट होतो. पिवळसर हिरव्या फिल्टरने ओठांना गडदपणा येतो, त्वचेला वजन येतं. चेहरा पिंपल्सनी भरलाय म्हणून एखादी मैत्रीण खरंच अवघडली असेल तर तिच्यासाठी नारिंगी लावा आणि दोन स्टॉप उजेड वाढवा. बाकी वेळी फिल्टर घरी राहू द्या.

जुने फोटो पाहताना हे मनात ठेवलं तर बरंच काही उलगडतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्यांनी मुंबईतल्या नाना थरांतल्या माणसांचे फोटो काढले. त्या काळच्या रसायनांना निळा उजेड दिसायचा, लाल दिसतच नसे. त्यामुळे तांबूस-तपकिरी त्वचा आणि लाल पागोटं, दोन्ही असतील त्याहून काळी उमटायची. त्या फोटोंतल्या माणसांचे रंग आपण खरे धरून चालतो, ते तसे नसायचे. आजच्या फिल्मला ही अडचण नाही.

अंतराविषयी थोडक्यात. ५०च्या लेन्सने दीड मीटरच्या आत जाऊ नका, नाक मोठं आणि कान लहान होतात. दीड-दोन मीटरवरून कमरेपर्यंतचा किंवा छातीपर्यंतचा फोटो घ्या. चेहराच भरून हवा असेल तर ८५ ते १०५ची लेन्स लागते, ती नंतर कधीतरी घ्या. अ‍ॅपर्चर २ ठेवलं तर दीड मीटरवर जेमतेम बोटभर लांबीचा, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मित्र हसताना किंचित पुढे झुकला की डोळे गेले. ५.६ला हा पट्टा वितीहून मोठा होतो. सुरुवातीला ४ किंवा ५.६, शटर १/१२५, आणि फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. पाठ करून टाका.

इतकं तंत्र जमलं की खरी अवघड गोष्ट उरते, समोरचा माणूस. परक्याचा फोटो काढणं सोपं असतं असं मला वाटतं, मित्राचा कठीण. प्रत्येकाचा एक सेल्फीचा चेहरा तयार असतो. मान थोडी तिरकी, हनुवटी पुढे, ओठ अमुकच. कॅमेरा वर केला की तो चेहरा आपोआप येतो. तो येऊ द्या. त्याचा एक फोटो काढा, म्हणजे मित्राचं समाधान होईल. मग कॅमेरा छातीशी ठेवून गप्पा चालू ठेवा. दुसरी-तिसरी मिनिटं कंटाळ्याची असतात, ‘अरे झालं का?’ असं तो विचारतो, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो विसरतो. हात पुन्हा त्याचे स्वतःचे होतात. कोणी अंगठ्याने नख घासतं, कोणी ओढणीचं टोक गुंडाळतं, कोणी खिशात हात घालून खांदा खांबाला टेकवतं. तुम्ही या माणसाला दहा वर्षं ओळखता. स्टेशनच्या पुलाखाली वाट पाहताना तो कसा उभा राहतो ते तुम्हाला माहीत आहे. तीच उभी राहण्याची तऱ्हा दिसली की कॅमेरा वर करा.

फिल्म इथे तुमच्या बाजूने आहे. कॅमेऱ्याला मागे स्क्रीन नाही, म्हणून ‘दाखव, दाखव’ नाही, ‘हा डिलीट कर’ नाही. रोल छत्तीस फोटोंचा आहे आणि प्रत्येक फोटोला पैसे पडतात, हे मित्रालाही कळतं. तो आपोआप गंभीरपणे भाग घेतो. एका माणसाला एका बैठकीत दहा-बारा फोटो द्या. एका रोलमध्ये तीन जण. ‘हस’ म्हणू नका. काही काम द्या: चहाचा ग्लास धर, चष्मा पूस, केस बांध, बाहेर बघून तुझ्या बसची वाट बघ. फोटो घेण्याआधी त्याला श्वास सोडायला सांगा, खांदे खाली येतात.

आपल्या भागातल्या छायाचित्रकारांचं काम समोर ठेवा. सूनी तारापोरवाला यांनी आपल्या घरच्या, ओळखीच्या पारशी माणसांचे फोटो वर्षानुवर्षं काढले आणि २००० साली त्यांचं पुस्तक आलं. ओळखीच्या घरात शिरलेला कॅमेरा किती मोकळा असतो ते त्यात दिसतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं काढली. त्यातले चेहरे घामाघूम आहेत, घाणीत आहेत, आणि एकाचंही मोल कमी झालेलं नाही. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय संगीतातल्या कलावंतांना टिपलंय; गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव कधी येणार हे ओळखायला गाणं कळावं लागतं, हे त्या छायाचित्रांतून समजतं. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ पाहा, ते चित्रतारकांचं जग असलं तरी प्रकाश चेहऱ्यावर कुठून टाकावा याची ती शाळा आहे.

बिल्डिंगखाली दोन-तीन रोल झाले की मग उत्तनला जा. भाईंदर पश्चिमेहून बस पकडा, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत ती तुम्हाला कोळीवाड्यात नेईल. ऑक्टोबरनंतर तिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात. त्यांच्या उभ्या रेघा पार्श्वभूमीला सुरेख दिसतात, पण ती कोणाची तरी रोजीरोटी आहे. मावशींना विचारल्याशिवाय मांडवात शिरू नका, आणि ‘नको’ म्हणाल्या तर नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आभाळ ढगांनी भरलेलं असतं, आणि बोटीच्या काळपट बाजूला टेकून उभा असलेला मित्र त्या मऊ प्रकाशात फार चांगला येतो. पोर्ट्रेटसाठी उत्तनचा हाच उत्तम काळ आहे, डिसेंबरातला सूर्यास्त नव्हे. जून-जुलैत ढग दाट असताना ४०० फिल्मला १/२५० आणि ८ च्या आसपास आकडा येईल, पण मीटर चेहऱ्यावरून घ्या, आभाळावरून नको. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. समुद्राची खारी हवा धातूला खाते.

भाईंदरची मिठागरं वेगळी. उन्हाळ्यात पांढऱ्या मिठाचे ढीग खालून उजेड फेकतात, त्यामुळे डोळ्यांखालची सावली भरून निघते. मात्र दुपारी डोळे उघडे ठेवणंच कठीण. सकाळी लवकर जा, कामावरच्या माणसाची परवानगी घ्या, बांधावरूनच चाला. घोडबंदरच्या किल्ल्यात कमानी आहेत, आणि कमान म्हणजे पुन्हा आपली स्टिल्टच: वर छप्पर, समोर उजेड. जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी खाडीवरून येणारा प्रकाश छान असतो. पण तिथून दिसणाऱ्या रेल्वेपुलांवर किंवा रुळांवर फोटोसाठी कोणीही जाऊ नका. रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे माणसं मेली आहेत.

घरातला प्रकाश रात्री कमी पडतो. तेव्हा ४०० फिल्म १६०० धरून वापरता येते, दोन स्टॉप कमी उजेडात, आणि ते डेव्हलपमेंटची वेळ वाढवून भरून काढता येतं. दाणे मोठे दिसतात, सावल्या गडद होतात. किराणा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभा मित्र असा काढायला हरकत नाही. पण पूर्ण रोल १६००वर काढा, अर्धा नको, कारण अख्खा रोल एकाच वेळी एकाच रसायनात जाणार.

डेव्हलप घरीच करा. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मची रसायनं वेगळी असतात. कलर लॅबच्या मशिनात ती फिल्म टाकली तर फोटोच राहत नाहीत. अगदीच घरी नको असेल तर इलफर्ड एक्सपी२ हा रोल घ्या, तो कृष्णधवल असूनही कलरच्याच प्रक्रियेत डेव्हलप होतो. पण घरी करण्यात जो ताबा हातात येतो तो लॅबमध्ये मिळत नाही.

एक टँक, रीळ, चेंजिंग बॅग, थर्मामीटर, तीन बाटल्या. आपल्याकडे पहिली अडचण येते घामाची. चेंजिंग बॅगमध्ये हात घातले की पाच मिनिटांत आत दमट होतं आणि फिल्म प्लॅस्टिकच्या रिळावर अडकते. हे काम एसीच्या खोलीत करा, आणि रीळ आधी पूर्ण कोरडं करून घ्या. दुसरी अडचण तापमानाची. डब्यावरच्या वेळा २० अंशांच्या असतात आणि आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात तिशीला टेकतं. बर्फ घालून २० अंश गाठण्यापेक्षा एसी २४वर लावून सगळ्या बाटल्या काही तास त्याच खोलीत ठेवा आणि वेळ कमी करा. एचपी५ला आयडी-११ हा डेव्हलपर समान पाण्यात मिसळून वापरला तर २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना साधारण ९. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, फिल्मवर डेव्हलपर सारखा चढत नाही. पातळ केलेला डेव्हलपर म्हणूनच बरा. पहिली तीस सेकंदं टँक हलवा, मग दर मिनिटाला दहा सेकंदं, एका लयीत.

मग स्टॉप बाथ, मग हायपो, म्हणजे फिक्सर, आणि मग धुणं. पाण्याच्या शटडाउनच्या दिवशीही हे करता येतं. इलफर्डने सुचवलेली पद्धत अशी: त्याच तापमानाच्या पाण्याने टँक भरा आणि पाच वेळा उलटासुलटा करा, पाणी ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला टँकमध्ये जेमतेम तीनशे मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे एक लिटरच्या आत फिल्म धुऊन निघते. नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. फक्त हायपो हार्डनर नसलेला हवा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा. हायपोतून चांदी काढणारे लोक स्टुडिओवाल्यांना माहीत असतात, त्यांना द्या.

वाळवायला बाथरूमच बरं. आपल्याकडे बाराही महिने कुठेतरी बांधकाम चालू असतं आणि ती धूळ ओल्या फिल्मवर बसली की निघत नाही. आधी गरम पाण्याची बादली ओतून वाफ करा, धूळ खाली बसेल. मग फिल्म टांगा, खाली चिमटा लावा, दार लावून घ्या, पंखा नको. पावसाळ्यात ती वाळायला रात्र लागते.

सकाळी खिडकीसमोर धरून बघा. चांगल्या निगेटिव्हमध्ये चेहरा दाट पण आरपार दिसणारा असतो, आणि काळ्या केसांच्या जागीही, म्हणजे निगेटिव्हच्या सगळ्यात पारदर्शक भागातही, पुसट रेघा दिसतात. केसांची जागा कोरी काच असेल तर पुढच्या वेळी एक स्टॉप जास्त द्या. मग सगळा रोल एकत्र स्कॅन करून किंवा कॉन्टॅक्ट शीट काढून मित्रांसोबत बसा. कोणता फोटो बाहेर दाखवायचा हे ज्याचा चेहरा त्याने ठरवायचं. विशेषतः मैत्रिणींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, ‘इतका सुंदर आलाय’ हे कारण पुरेसं नाही.

निवडलेल्या फोटोचा कागदावर प्रिंट काढून ज्याचा त्याला द्या. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, ठिकाण आणि साल लिहा, पेनची शाई पुढच्या बाजूला उतरते. निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या करून कागदी पाकिटात घाला, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत पुड्या बदला.